खंडेनवमीची रायफल

चहा घ्या, पण माझ्या अर्बाबला, म्हणजे वर्कशॉपच्या ओमानी मालकाला, शस्त्रपूजेबद्दल चुकूनही बोलू नका. मी बोललो आणि पस्तावलो.

आम्ही एसी मेकॅनिक, खंडेनवमीला पाने-पक्कड पुजतो, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. तर पूजेच्या वेळी हा अल् घुब्रा भागातल्या आमच्या फ्लॅटवर हजर! खांद्याला आजोबांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल. "पक्कडची कसली पूजा करतोस? हिची कर!"

बायकोने हौसेनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. अर्बाब खूश. पाटावरची रायफल उचलायला वाकला, तशी बायको मला म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, पुजलेलं शस्त्र उद्या दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही."

सांगितलं. अर्बाबचा चेहराच उतरला. "लायसन्स माझ्या नावावर आहे. मला सोडून ही इथे राहिली, तर आपण दोघेही आत!"

"मग त्यांनाही राहू दे की," बायको म्हणाली.

आणि खरंच राहिला! पाटाशेजारी, सोफ्यावर. आम्ही नवराबायको, दोन पोरं, आणि हा.

सकाळी बिल्डिंगचा वॉचमन दारात. मी घाबरून आधी रायफलशेजारी ठेवलेलं तिचं लायसन्सच पुढे केलं. त्याने ते सावकाश वाचलं, परत दिलं आणि सोफ्यावर घोरणाऱ्या अर्बाबकडे बोट दाखवलं.

"गन का पेपर ठीक है. लेकिन एग्रीमेंट में चार आदमी लिखा है. ये पाँचवाँ कौन है?"