खऱ्या गोष्टींची यादी

वाचनालयाच्या रांगेत वही घेतलेल्या एक बाई पुढच्या आजोबांना म्हणाल्या,

“काका, खऱ्या गोष्टींचं एखादं पुस्तक सुचवा ना. कादंबरी नको.”

“मुंग्यांवरचं घ्या. वाचल्यापासून मी साखरेचा डबा उघडाच ठेवतो.”

“लिहिते. हे एकोणिसावं.”

“एवढी कोण वाचतं?”

“आमच्या यांना वाचून दाखवते. डोक्याला मार लागल्यापासून मला ओळखत नाहीत. पुस्तक उघडलं की आधी विचारतात, ‘हे खरं आहे ना?’”

“मग तुमच्या संसाराचंच लिहून वाचा की. त्याहून खरं काय असणार?”

“वाचलं, काका. महिनाभर बसून तीस वर्षं लिहून काढली.”

“मग?”

“शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, ‘फार जीव होता हो तिचा त्याच्यावर. पुढं काय झालं त्या माणसाचं, बाई?’”