आडवी जीप

तुम्हाला माहीतच आहे, नारायणगावात माझं बियाण्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय मी सोडत नाही, म्हणून पाळकसाहेबांनी चर्चच्या दारात मलाच उभं केलं. म्हणाले, "नवा माणूस परका वाटून परत जाता कामा नये."

पहिल्याच रविवारी एक अनोळखी शेतकरी घाईघाईनं आत आले. मी हात धरून थेट पुढच्या बाकावर बसवलं.

"अवो भाऊ, ऐका तर..."

"आधी चहा, पावणं."

मग टॉवेल-टोपी झाली, गाणी झाली, उपदेश झाला. पाहुणे सारखे उठायचे, मी सारखा खांदा दाबून बसवायचो. शेवटी पाळकसाहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

पाहुणे टोपी सावरत उठले. "भाईर आडवी लावलेली जीप कुणाची हाय? माजा टेम्पो आडकलाय. टमाटी मार्केटला न्यायची व्हती."

जीप माझीच. पळत जाऊन काढली, आणि क्रेट उतरवायला अख्खं चर्च मार्केटला गेलं.

पुढच्या रविवारी तेच पाहुणे टोपी घालून दारात. मी जीप मुद्दाम लांब लावली होती. ती बघून ते कुरकुरले, "आडवी लावा की राव. घरी काय सांगू, कशापायी आडकलो म्हणून?"