गाडीभोवतीचा फेरा

— न्हाई दादा, चावी लगेच देत न्हाई. रागावा खुशाल, पण आधी खाली उतरा आन् हे बघा. पुढचं टायर, डाव्या अंगाचं. उभ्यानं न्हाई दिसायचं, आतल्या बाजूला हाय — वाका — अजून वाका. दिसलं? लिंबाएवढा फुगा आलाय. वरून टायर नवंकोरं, नक्षीबी झिजली न्हाई, म्हणून तुमच्या ध्यानात आलं न्हाई. तुमचा दोष न्हाई त्यात. आपल्या पाठीवर फोड उठला तर आपल्याला थोडाच दिसतो — दुसऱ्यानंच सांगावं लागतं.

उशीर होतोय ते कळलं मला. डिझेल टाकताना तीनदा सांगितलं की तुमी — पोरीची डॉक्टरकीची परीक्षा, बीडला सेंटर, दीड वाजता गेट बंद, मग देव आला तरी उघडत न्हाईत. दोन वर्षं खोलीचं दार लावून अभ्यास केलाय तिनं. रोहिणी ना गं तुझं नाव? त्या फोटोच्या कागदावर वाचलं. पाणी पी बाळा, घाबरू नको. हे बघा दादा, आत्ता पावणेबारा झालेत. मागं स्टेपनी हाय ना? आन् हवा हाय तिच्यात? — हाय, दाबून बघितली मी. मतीनला हाक मारलीय, तो बघा पंक्चरच्या दुकानातनं जॅक घेऊन निघालाच. पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं गेली तरी एकच्या आत पोचता. आन् असंच गेलात, या उन्हात, तापल्या रस्त्यावर, घाईघाईनं, आन् ते — न्हाई, पोरीसमोर बोलत न्हाई मी.

तुमी म्हणाल ही बाई कोण, डिझेल टाकायचं सोडून टायरं बघत बसलीय. बरोबर हाय. आता कोण बघतं? पण याच पंपावर आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, त्रिंबक, सव्वीस वर्षं कामाला होते. तवा गाडी आली की पहिल्यांदा फेरा. फेरा म्हंजे गाडीभोवती एक चक्कर, देवाला घालतो तशी. चारी टायरांवर हात ठेवायचा, वाकून बघायचं, खाली काय गळतंय का, बत्त्या धड हायेत का. मग बॉनेट उघडून पाणी, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून दाखवायची, काच ओल्या फडक्यानं पुसायची — आन् ते सगळं झाल्यावर नळी हातात घ्यायची, 'झिरो बघा साहेब'. तोवर गाडीवाला तिकडं माठातलं पाणी पिणार, पोराबाळांना उतरवणार. एकदा तर नवरदेवाच्या गाडीचं बॉनेट उघडलं आन् आतून जिती कोंबडी निघाली! सिरसाळ्यापासून आत बसून आलती बिचारी. वऱ्हाडी म्हणले, रुखवतात मांडा आता तिला. हसून हसून पुरेवाट. — घाई नव्हती का तवा? घाई तवाबी होती की! तेव्हाबी लोकं 'चला चला' करायचे. पण फेऱ्याबिगर आमचे मालक नळीला हात लावायचे न्हाईत. म्हणायचे, डिझेल काय, कोनीबी टाकील. गाडी पोचंल का न्हाई ते आपुन बघायचं.

ये मतीन. डावं पुढचं. आतून बघ. — बघितलंस? ते बघा, तो सुद्धा 'या अल्ला' म्हणला. मी उगंच सांगत न्हाई दादा. तुमी दगड लावा मागच्या चाकाला, तेवढंच लवकर होईल.

हे वारले, मग पंपाच्या थोरल्या मालकांनी मला ह्यांच्या जागी लावून घेतलं. बाईमाणूस पंपावर म्हणून लोकं बघायला यायचे, मी आपली फेरा घालायची आन् झिरो बघा म्हणायची. पुढं थोरले मालकबी गेले, रविराज शेठ आले. वाईट न्हाईत हं ते — दिवाळीला साडी देतात. पण कॅमेरा लावला त्यांनी, तो वर. गाडी उभी राहिली की दोन मिनिटांत निघाली पाहिजे. फेरा बंद. 'मावशी, हा पंप हाय, दवाखाना न्हाई,' म्हणले. आन् गाड्याबी तशाच आल्या आता. आत बसल्या बसल्या खटका ओढला की झाकण उघडतं, माणूस काचसुद्धा खाली घेत न्हाई, बोटानंच दाखवतो किती टाकायचं ते. तुमची गाडी जुनी म्हणून निभावलं — झाकणाला चावी, आन् तीच चावी इंजिनाला. ती माझ्या हातात आली. न्हाईतर कशानं थांबवलं असतं मी तुमाला? पदर आडवा धरून?

वाजवू द्या हॉर्न. — ओ, बाजूच्या नळीला घ्या की गाडी! येते शेठ, येते! — हाका मारतेत. मारू द्या.

काय म्हणलात? फेरा बंद हाय तर मग मी कावून वाकले? हुशार हाव तुमी. खरं सांगू का, झाकण फिरवताना फडकं मुद्दाम पाडते मी. पडलेलं फडकं उचलायला वाकावंच लागतं ना, त्याला कॅमेरा काय म्हणंल? तुमी चाक तिरपं ठेवून गाडी लावली म्हणून आतली बाजू दिसली. तीन वर्षं झाली, दर गाडीला फडकं पाडते. शेठ म्हणतात मावशीच्या हाताला कंप सुटला. म्हणू द्या.

त्याच्या आधी न्हाई पाडायची. — तीन वर्षांच्या आधी न्हाई.

असंच ऊन होतं. दिंद्रुडच्या वऱ्हाडाची जीप आलती. तानाजी ड्रायव्हर, ओळखीचा, चांगला पोरगा, गळ्यात माळ, कधी थेंबाला शिवला न्हाई. त्याच्या टायरला तर वाकायचीबी गरज नव्हती, बाहेरच्याच अंगाला होता फुगा. दिसला मला. चक्क दिसला. 'तानाजी, टायर' — दोन शब्द, दादा. ओठावर आलते. पण त्याच सकाळी शेठ सगळ्यांदेखत बोललेते, एक गाडी जरी थांबवली तर उद्यापासून घरी बसा, आन् तेवढ्यात आतून त्यांनी टाळी वाजवली — आवरा म्हणून. मी झाकण लावलं. चावी दिली. आन् हसून म्हणले, सावकाश जा रे.

वळणावर गेली जीप. त्यात नवरीची मावशी गेली आन् तिची पोरगी, संस्कृती. नऊ वर्षांची. मला काचेतून हात करत होती ती.

लोकं म्हणले, लग्नाच्या गाडीचा ड्रायव्हर, प्यालाच असंल. तो म्हणतो टायर फुटलं आन् गाडी ओढली गेली. पोलीस म्हणतात आधी धडकला, मग फुटलं. कोर्टात अजून तारखा चालू हायेत. गाडीवर कुणी ठेवत न्हाई त्याला, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. आधीपासून फुगा होता ह्याला साक्षीदार कोण? कुणीच न्हाई. कुणीच न्हाई म्हणतात.

— कुठनं कुठं गेले मी बोलत. पोरीला ऐकू गेलं न्हाई ना? झालं का रे मतीन? आवळ नीट, पाचीच्या पाची. हे काढलेलं टायर बघा दादा, आतल्या तारा दिसायला लागल्यात. जरा जास्त तापलं असतं की — जाऊ द्या. आत्ता बारा वाजून पाच. भरपूर वेळ हाय. ही घ्या चावी. रोहिणी, पेपर शांतपणं लिही गं, येत न्हाई ते सोडून पुढं जायचं. न्हाई न्हाई, पैसे कशाचे, मतीनला काय द्यायचं ते द्या, मला नको. शेठ येतायत बाहेर, तुमी निघा, त्यांचं मी बघते.

काय झालं? गाडी चालू करून थांबलात कावून?

काय?

...तानाजीला सांगितलं का, फुगा दिसलता म्हणून?

न्हाई. सांगितलं न्हाई. त्याला न्हाई, वकिलाला न्हाई, कुणालाच न्हाई. तो येतो कधी कधी पंपावर पाणी प्यायला. मला मावशी म्हणतो.

गाडी पुढं घ्या दादा. असं बघू नका माझ्याकडं. पोरीला उशीर होतोय.