ओळखत नाही

धाकटी : हातभर अंतरावर फोटो धरला होता त्या बाईंनी, जाऊबाई. आणि तुम्ही म्हणालात, ओळखत नाही?

थोरली : हळू बोल. भिंतीपलीकडे सुपरवायझरची बायको आहे.

धाकटी : असू दे. स्वतःच्या नवऱ्याला ओळखत नाही म्हणालात!

थोरली : म्हणाले. जोड्यानं मार आता मला.

धाकटी : पण का?

थोरली : का म्हणजे? पाहुणे यायचे असले की काय होतं आपल्याकडे? आदल्या दिवशी साहेब कटिंगच्या खोलीत उभं करतो आणि पाढे म्हणवून घेतो. दारं उघडी असतात का? असतात. जादा काम कसं करता? खुशीनं. युनियन आहे का? गरज नाही पडली. कालही म्हणवून घेतलं, ह्यांचा फोटो दाखवून. ह्याला ओळखता का? ओळखत नाही. आज ती बाई मॅनेजरच्या गाडीतून उतरली. मला वाटलं, माल घेणाऱ्यांकडचीच आहे नेहमीसारखी.

धाकटी : परदेशातल्या युनियनच्या बाई येणार, हे मी सांगितलं नव्हतं?

थोरली : तू उद्या म्हणाली होतीस.

धाकटी : एक दिवस आधी आल्या. कंपनीनंच विमानतळावरून परस्पर उचलून आणलं. चालूच आहेत मेले! आणि तुम्ही सगळ्याजणी ओळीनं तेच बोललात. पोपट परवडला. भाऊजींनी कुलूप तोडून ज्यांना आगीतून बाहेर काढलं, त्यातल्या निम्म्या त्या ओळीत होत्या.

थोरली : तू का नाही बोललीस मग?

धाकटी : मला सकाळीच धुलाईखात्यात पाठवलं. उगाच नाही पाठवलं.

थोरली : माझं बोलून झालं, तरी ती माझ्याकडे बघतच राहिली. फोटो जुना होता, मिशीतला. मला एकदम वाटलं, ह्यांनी ऐकलं. आणि तरी मी मान खाली घालून मशीन सुरू केलं.

धाकटी : रडू नका. बाई उद्या जाणार आहेत. त्या उतरल्यात त्या गेस्टहाऊसची स्वयंपाकीण आपल्यातली आहे, मागच्या फाटकातून सोडील आत.

थोरली : जाऊन काय सांगू? सकाळी खोटं बोलले, आता खरं ऐका?

धाकटी : हेच सांगा. आग लागली तेव्हा भाऊजी कुठे होते?

थोरली : माझ्या मशीनखाली. पट्टा तुटला होता, तो बसवत होते. पाय तेवढे बाहेर. धूर मला आधी दिसला, मीच पाय धरून ओढलं त्यांना.

धाकटी : मग कंपनी म्हणते तसं गोदाम पेटवायला कोण गेलं, त्यांचं भूत? हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? भाऊजींच्या खटल्याचा निकाल तोंडावर आलाय. त्या युनियननं बाहेर आवाज उठवला, तर तिकडचे दुकानवाले माल घेणं बंद करतील. कंपनी घाबरते ती एवढ्यालाच. बाकी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

थोरली : ही खोली कंपनीची आहे. माझी पोरगी बटणखात्यात, तुझा नवरा बॉयलरवर. सगळ्यांच्या पोटावर पाय येईल.

धाकटी : येईल. ह्यांना सांगूनच आलेय मी.

थोरली : काय म्हणाला?

धाकटी : जेवता जेवता उठले, माळ्यावरची पेटी खाली काढली आणि कपडे भरायला बसले.

(गेस्टहाऊसचं मागचं दार. दुभाषी बाईंनी साखळी न काढता फटीएवढं उघडलंय.)

दुभाषी : कोण हवंय?

धाकटी : शिवणखात्यातल्या आहोत. ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई. सकाळी तुमच्या मॅडमशी बोलल्या, पण...

थोरली : थांब, मी सांगते. ताई, मी खोटं बोलले. तो फोटो माझ्या नवऱ्याचा आहे.

दुभाषी : आत या, लवकर. पडदा ओढू दे. समोर कंपनीची गाडी उभी आहे.

थोरली : मॅडम चिडल्या असतील.

दुभाषी : नाही हो. त्या म्हणाल्या, मी मागे दुसऱ्या एका देशात गेले होते. भाषा वेगळी, बायका वेगळ्या, उत्तरं मात्र शब्दाला शब्द हीच.

धाकटी : म्हणजे कळलं होतं त्यांना!

दुभाषी : संशय आला होता. पण नुसत्या संशयावर कुणी हलत नाही. कुणीतरी नावानिशी सांगावं लागतं. तिकडे मॅनेजरनं आजचं बोलणं टिपून घेतलंय. कोर्टात देणार म्हणे. म्हणणार, लग्नाची बायकोसुद्धा ज्याला आपला म्हणत नाही, त्याच्यावर विश्वास कसला ठेवायचा?

थोरली : माझंच बोलणं? ह्यांच्यासमोर वाचतील?

दुभाषी : वाचतील.

धाकटी : मुडदा बसवला त्याचा!

दुभाषी : हे बघा, मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. तुमचं नाव, चेहरा, सगळं बाहेर जाईल. युनियन पत्रं लिहील, दुकानांसमोर माणसं उभी करील, दहा देशांत बोंब मारील. पण इथे तुमच्या दाराशी कुणी आलं, तर त्या दहा देशांतून कुणी वेळेत पोहोचणार नाही. आणि तुमचे मिस्टर सुटतीलच, असंही नाही. एके ठिकाणी सुटला माणूस. दुसरीकडे नाही.

थोरली : दुसरीकडे काय झालं?

दुभाषी : नका विचारू.

धाकटी : जाऊबाई, अजूनही परत फिरू. मी चकार शब्द काढणार नाही.

थोरली : डबा घेऊन जाते ना मी तुरुंगात, दर वेळी एकच विचारतात. बायका काय म्हणतात? बोलतील का? आणि मी सांगते, सगळ्या तयार आहेत, तुम्ही जेवा. एवढ्यावर तो माणूस दोन घास खातो गं. आता त्याला कोर्टात उभा करून माझं ते बोलणं ऐकवायचं? नाही. ताई, मला भीती वाटते, खूप वाटते. पण घ्या लिहून माझं नाव. आणि लावा ते तुमचं रेकॉर्डिंग.

दुभाषी : लावलं. मॅडम विचारतील, मी तुमच्या भाषेत सांगेन. करायची सुरुवात?

थोरली : करा. फक्त सावकाश विचारा. पाठ केलेलं आधी येतं तोंडात.