ठकी मांजरीने आणलेलं पिल्लू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — आपल्या लाडक्याच्या हातून चूक झाली, तर ती झाकायची की सांगायची? सांगायची? वा! माना तर सगळ्यांच्याच हलल्या! आता ऐका.

एका गावात अनुसयाबाई गुरव राहायच्या. देवळात फुलं पोचवायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात माणूस दुसरं नाही — एक मांजर. ठकी! बाईंचा जीव की प्राण!

एके दिवशी सकाळी बाई हार गुंफत बसल्या होत्या. ठकी आली ती तोंडात काहीतरी धरून, आणि ठेवलं थेट बाईंच्या पुढ्यात. कोंबडीचं पिल्लू! शेजारच्या राहीबाईंचं! मान टाकलेली, डोळे मिटलेले. आणि ठकी कशी बघतेय? जशी काही पुरणपोळी वाढलीय! आता तिला काय बोलणार? देवानं नखं दिली ती काय मेंदी लावायला?

"अगं बया, काय केलंस हे!" बाई घाबरल्या. पिल्लू मेलं म्हणून मागच्या पडवीत नेलं, टोपलीखाली झाकलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक —

"अनुसया, एक पिल्लू दिसत नाही गं. तुझ्या ठकीनं नाही ना नेलं?"

"ठकीनं? छे हो वैनी! ती सकाळपासून चुलीपाशी झोपलीय."

हे सांगताना ठकी कुठं होती? पायात घोटाळत होती!

बाईंना वाटलं, सुटले; पुन्हा हार गुंफायला बसल्या. पण पलीकडे आवाज चढला. राहीबाई नव्या सुनेवर तुटून पडल्या होत्या. "मंदे, खुराड्याची कडी लावली नाहीस ना? एक काम धड येत नाही! उद्या माहेरचा रस्ता धर!"

"लावली होती हो आत्याबाई... खरंच लावली होती..." पोरगी हुंदके देत होती.

अनुसयाबाईंच्या हातातली सुई थांबली. पोरीचा काय दोष? त्या उठल्या, पडवीत गेल्या, टोपली उचलली — चिव!

जिवंत! भीतीनं नुसतं गळाठलं होतं हो! बाईंनी ते छातीशी धरलं, डोळ्यांतून पाणी आलं.

आता बघा मंडळी, मन कसं असतं! मन म्हणालं, सोड हळूच कुंपणातून. पिल्लू घरी, ठकी सुरक्षित, कुणाला कळतंय? तुम्ही काय केलं असतंत? ... आता का माना हलत नाहीत?

पण मंदाच्या माथ्यावरचा आळ तसाच राहिला असता ना! बाई सरळ राहीबाईंच्या अंगणात गेल्या.

"वैनी, ठकीनंच नेलं होतं. मी खोटं बोलले. पोरीला बोलू नका, मला बोला."

मंदानं धावत येऊन पिल्लू घेतलं, कोंबडीपुढं सोडलं. ते शिरलं आईच्या पंखाखाली! राहीबाईंनी सुनेचे डोळे पदरानं पुसले. "चुकले गं माझं. कुठं जाऊ नकोस." मग वळल्या — "आणि अनुसया, तुझा तो वाघ महिनाभर घरात कोंड!"

"कोंडते हो, कोंडते!" बाई रडता रडता हसल्या. उरावरचा धोंडा उतरला होता.

मंडळी, मांजर मांजरासारखंच वागणार. प्रश्न आपला आहे. आपण गप्प बसतो, तेव्हा बोलणी कोण खातंय? घरी गेल्यावर आठवा. आठवलं, तर उद्यावर टाकू नका — त्या दारी जा, बोला, मोकळे व्हा. आणि आता त्या मोकळ्या मनानं नाम घ्या — विठ्ठल! विठ्ठल!