बदलीची बाई

माझं माहेर शिनोलीचं, आमी धनगर, बापाची मेंढरं व्हती, अन् काय सांगू ताई तुमाला, मेंढरामागच्या माणसाला आजारपण ठाऊकच नाय, ताप येऊ दे न्हाईतर पाय मुरगळू दे, मेंढरं काय थांबत्यात व्हय! पगारी सुट्टी म्हंजी काय हे कुणाला म्हाईत.

लगीन झालं, कळंबला आले, अन् ठेकेदाराकडून भाजीच्या पॅकहाऊसला लागले. आजारी पडलं की खाडा, अन् खाडे व्हत गेले की तुमच्या जागी दुसरी बाई उभी. मग आमी बायांनीच तोड काढली. मी पडले की माझी धाकटी जाऊ रंजना माझं कार्ड गळ्यात घालून जायाची. टोपी, मास्क, एप्रन, निसतं डोळं दिसत्यात, कोण वळखतंय! माझा खाडा वाचायचा, त्या दिसाचा रोज ती घेयाची. धाकटे दीर गेल्यापसनं तिची चूल त्याच्यावरच, कधी माझ्या तापावर, कधी शेजारणीच्या कंबरेवर. आमी चेष्टा करायचो, काय गं, देवाला आमची दुखणी मागतीस का? ती हसायची, पर डोळं भरून यायचं तिचं.

यंदा पॅकहाऊसच्या साहेबानं समद्यांना गोळा केलं, म्हणला सरकार कायदा बदलणार हाय, ठेक्याच्या बायांनाबी आजारपणाचा पगार मिळंल, डॉक्टरची चिठ्ठी आणायची अन् घरी पडायचं, पर आता हजेरी कार्डावर नाय, मशीनला तोंड दाखवायचं. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी नाय वाजवल्या. आमी पगार घेऊन घरी निजायचं, मग रंजनानं खायाचं काय?

दुसऱ्या दिवशी साहेबापुढं गेले, म्हणलं माझ्या जावंला घ्या कामावर, लई नड हाय. त्यो म्हणला, तिला ह्या कामाची सवय हाय का? आता काय बोलावं राव! माझ्याच टेबलावर वर्सानुवर्सं माल निवडलाय तिनं, अन् खरं बोलावं तर दोघींचं काम जातंय. म्हणलं, शिकंल साहेब, मी शिकवते.

तिला घरीच बजावलं, बाई, हात सैल ठेव, नवी दिसली पायजे. तिनं मुद्दाम मिरच्या भलत्याच खोक्यात भरल्या, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, खाली मान घालून. मला लई वाईट वाटलं. पर नाव लागलं ताई, तिचं सवताचं.

आता मशीन आलंय, कायदा अजून यायचाय. आज सकाळी रंजना तापानं फणफणलेली, तरी डबा बांधून दारात उभी. म्हणलं, आगं निज की घरी. म्हणती, आक्का, नवी बाई मी, खाडा करून कसं भागंल? मशीनला तिचंच तोंड लागतंय, तिच्या बदली जायाला कोणच नाय. गेली तशीच. येऊ दे बाबा त्यो कायदा, लवकर येऊ दे, एक दिस तरी माझ्या रंजनाला पांघरूण घेऊन निवांत पडू दे.