ही जोडणी कुणाची?

—मेहुण्याने? बरं, मेहुण्याने जोडलं. नाही हो, हसतेय कुठे मी? डिकीत डोकं घातलं की माझं तोंड असंच दिसतं. ती बॅटरी जरा इकडे धरा — माझ्या डोळ्यांत नको, तारांवर. हं. तर मेहुण्याने चारही सबवूफरचे प्लस एकत्र पिळले, चारही मायनस एकत्र पिळले, वरून चिकटपट्टी गुंडाळली, आणि तिचा डिंक लागला तुमच्या अंगठ्याला. होतं असं. जवळचं नातं आहे शेवटी.

तुमचा ॲम्प्लिफायर जळला नाहीये, इतके रडवेले होऊ नका. हा लाल दिवा दिसतोय ना — ॲम्पने वेळीच स्वतःला बंद करून घेतलंय. तुमच्यापेक्षा शहाणा आहे. एक सबवूफर चार ओहमचा, म्हणजे करंटला तेवढं अडवतो. चौघांना असं शेजारी-शेजारी जोडलं की अडवणूक वाढते असं वाटतं की नाही? वाटतंच. घटते! एकाऐवजी चार दारं उघडी — चौघांची मिळून एक ओहम राहते. आणि ॲम्पवर काय लिहिलंय? वाचा. चष्मा लावा, मी कुणाला सांगत नाही. दोन. दोनच्या खाली नको. मेहुण्याने वाचलं नसेल.

आता बघा. दोघा-दोघांची जोडी करायची — याचा मायनस त्याच्या प्लसला, एकामागे एक. चार नि चार आठ. मग त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी — आठाचे झाले चार. मीटर साडेतीन दाखवतोय, चालतं, मीटरवर थोडं कमीच दिसतं. आता ॲम्प आरामात चालेल. आवाज? अहो, एवढ्याशा गाडीत चार सबवूफर, अजून आवाज हवाय? शाळेत शिकवता ना तुम्ही? पोरं गप्प बसत नाहीत म्हणून का?

चिडू नका. सगळे असंच सांगतात — भावाने केलं, शेजाऱ्याने केलं. एकाने तर सासूचं नाव घेतलं होतं. मी कुणाला खोटं पाडत नाही. कशी पाडणार? मी स्वतः — ती पक्कड द्या. नाही, लाल मुठीची.

मी स्वतः एक जाळलाय. एकोणीस वर्षांची होते. दुकान बाबांचं, दादा नि मी हाताखाली. वकिलांच्या गाडीसाठी ॲम्प मागवला होता, दोन महिने वाट बघून आलेला. बाबा जेवायला गेले. म्हटलं, ते यायच्या आत आपण वाजवून दाखवू. जोडले चारही स्पीकर — अगदी तुमच्या मेहुण्यासारखेच! तेव्हा हे लाल दिवे-बिवे नव्हते. धूर निघाला, तो वास — नाकातून जात नाही हो अजून. बाबा आले. ओरडले नाहीत, ते ओरडायचेच नाहीत. एवढंच विचारलं, "ही जोडणी कुणाची?" मी तोंड उघडणार — खरंच उघडणार होते — तर पलीकडच्या गाडीखालून दादा म्हणाला, "माझी."

बाबांनी त्याला बाहेर बोलावलं, हातातली पक्कड काढून घेतली, म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? हवंच होतं. संध्याकाळी बोलू म्हटलं. मग सकाळी. मग त्याला बसवर ड्रायव्हरची नोकरीच लागली. आणि दुकान आलं माझ्याकडे. मी मनाशी म्हणायचे, त्याला नाहीतरी इथे कोंडल्यासारखं व्हायचं. मोकळे रस्ते, खिडकीशी वारा — मजेत आहे तो. बाबा गेले तरी मी हेच म्हणत होते.

सांगितलं का? कुणाला? दादाला कशाला सांगायचं, त्याला माहीतच — हां, बाबांना. नाही. बाबांना नाही सांगितलं.

गेल्या महिन्यात दादा आला होता, नुकताच रिटायर झालाय. याच स्टुलावर बसला. मीच विषय काढला, हसत-हसत — म्हटलं, "तुला पहिल्यापासून बसच आवडायची, नाही का रे?" तर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मला? अगं, पहिलं वर्षभर डिझेलच्या वासाने मळमळायचं मला. प्रत्येक थांब्यावर उतरून उभा राहायचो." आणि हसला. खूप हसला. मी पण हसले.

...

घ्या, वाजतोय. दार लावून ऐका. छान आहे ना? मग झालं तर. चावी गाडीलाच आहे. नाही, चहा-बिहा नको, बसू नका आता — मागे दुसरी गाडी उभी आहे. नसेल तर येईल. निघा तुम्ही.